विचारल्याशिवाय पहाडी चढू नये

पोरांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही नागपूर-पुण्याहून आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याला येता आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर नकाशा उघडून पहाडीकडे निघता. तुम्हाला चालायची हौस आहे हे पाहून जीव सुखावतो. पण नकाशात वाटेची फक्त रेघ दिसते. त्या वाटेवर आज सकाळी काय आहे, ते गुराख्याला ठाऊक असतं, मोह वेचणाऱ्या बाईला ठाऊक असतं, बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जाळं टाकणाऱ्या ढिवराला ठाऊक असतं. आज्याने मला पहिला मंत्र दिला तो हाच: विचारल्याशिवाय पहाडी चढू नये. पुढचे सगळे मंत्र त्याच्याच पोटातून निघाले आहेत. नीट ऐका.

काल तिथे गेलेल्यालाच विचारा

पानटपरीवर बसलेला माणूस वाट सांगेल, पण ती त्याच्या आठवणीतली असेल. आज किंवा काल जो रानात जाऊन आला, त्याला गाठा. तीन गोष्टी विचारा: कोणत्या नाल्याला पाणी आहे, जनावर कुठे दिसलं, आणि परतायला दुसरी वाट आहे का. निघताना कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल, हे घरी सांगा. मोठी माणसंही असंच शिकली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला होते, तेव्हा माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाबरोबर ते रान फिरले. त्यांच्याकडून मराठीला रानाची एवढी पुस्तकं मिळाली, त्यामागे असं विचारत विचारत चालणं आहे.

महिना पाहून निघा, घड्याळ पाहून फिरा

आपल्याकडे चालायचे दिवस कार्तिक ते माघ. धान कापलेलं असतं, नाले उतरलेले असतात, ऊन सोसवतं. वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा चालायचंच असेल तर चांगलं उजाडल्यावर निघा आणि दहाच्या आत सावलीला या. डोक्याला दुपट्टा बांधा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, सोबत मीठ-साखर ठेवा. थंडीत उलटा धोका असतो. नोव्हेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि पहाडीच्या कुशीत त्याआधीच अंधारतं. म्हणून दुपारी दोन वाजता, माथा कितीही जवळ दिसत असला, तरी पाठ फिरवायची. माथा उद्याही तिथेच राहील.

न हलणारी खूण धरा

गुरांची वाट दर पावसाळ्यात बदलते. वाळलेलं झाड सरपणाला जातं. मोठा मोह, खडकाचा सुळका, तलावाची पार, मंदिर, रेल्वेचा रूळ या टिकणाऱ्या खुणा. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहा, कारण परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते आणि ओळखू येत नाही. चुकलात तर धावू नका. उंचवट्यावर जा, गप्प उभे राहा. खाणीचा भोंगा, तुमसर रोड-तिरोडी मार्गावरची गाडी, गावातली कुत्री, यातलं काहीतरी कानावर येईल. आणि एक लक्षात ठेवा: आपल्याकडचं पाणी शेवटी बावनथडीला नाहीतर वैनगंगेला जातं आणि बावनथडीही वैनगंगेलाच मिळते. उतार कोणीकडे आहे हे कळलं की गाव कोणीकडे असेल याचा अंदाज येतो.

दगड वाचायला शिका

आपल्या पायाखालचा खडक जगाच्या पुस्तकात नोंदलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या खडकांना सौसर समूह म्हणतात आणि त्यातल्या एका थराला आपल्या शेजारच्या सीतासावंगीचं नाव आहे. मँगनीजचा गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून बनणाऱ्या खडकाला लुईस ली फर्मोर या शास्त्रज्ञाने ‘गोंडाइट’ नाव दिलं, या मुलखातल्या गोंडांवरून. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1909 मध्ये निघाला. डायनासोर जन्मण्याच्या कितीतरी आधीचे हे खडक आहेत. वाटेत हातात घेतलेला दगड आकाराच्या मानाने फार जड लागला आणि काळा असला, तर तो मँगनीजचा असू शकतो. काही जातींची काजळी बोटालाही लागते. पाहा, ओळखा आणि होता तिथेच ठेवा.

खाणीच्या तारेला ओलांडू नका

हा मंत्र मी सगळ्यात जोरात सांगतो. इथलं मँगनीज काढायला कंपन्यांनी इंग्रजांच्या काळात सुरुवात केली. 1962 पासून हे काम मॉईल या सरकारी कंपनीकडे आहे. चिखल्याला जमिनीखाली खाण आहे, शेजारच्या डोंगरी बुजुर्गला उघडी. सुरुंगाची वेळ झाली की भोंगा वाजतो आणि लाल झेंडे लागतात. त्या वेळी आसपास असाल तर उलट दिशेने दूर जा, फोटो काढायला थांबू नका. मातीचे ढिगारे वरून घट्ट दिसतात, पण पाय पडताच घसरतात. जुन्या खड्ड्यांत साचलेलं पाणी तर सगळ्यात फसवं. बोडीला उतरता काठ असतो, खड्ड्याला सरळ भिंत असते. पहिल्याच पावलाला पाणी डोक्यावरून जातं आणि वर यायला धरायला काही सापडत नाही. पोहता येणाऱ्यानेही तिथे उतरू नये. खाण आतून पाहायची असेल तर रीतसर परवानगी काढा.

मोहाच्या दिवसांत आवाज करत चाला

मार्च-एप्रिलात मोह गळू लागला की पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. अस्वल खाण्यात गुंतलं की त्याला आपली चाहूल लागत नाही. आपण अचानक समोर गेलो की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून एकट्याने जायचं नाही, उजाडल्याशिवाय जायचं नाही, आणि बोलत, काठी आपटत चालायचं. दाट झुडपातून मधली वाट काढू नका.

वाघाचीही जाणीव ठेवा. पेंच आणि नागझिऱ्याच्या मधलं हे रान आहे, वाघाची इथून ये-जा असते. ताजा पंजा दिसला, माकडं किंवा चितळ एकसारखे ओरडू लागले, तर आल्या वाटेने परत. झुडपाजवळ वाकून किंवा बसून राहू नका. जनावर समोर आलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. नागझिरा आणि कोका अभयारण्यात पायी हिंडायला बंदी आहे, तिथे वनविभागाच्या नियमानेच फिरायचं. वनविभागाचा मदत क्रमांक 1926, रुग्णवाहिकेचा 108. दोन्ही पाठ करा.

साप, मोहोळ, वीज, नाला

दगडावर बसण्याआधी काठीने आजूबाजूचा पाला हलवा. परड, म्हणजे पुस्तकातली घोणस, पाल्यात दिसतच नाही. साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, झाडपाल्यात वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला थेट तुमसर किंवा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावर औषध एकच, तिथे मिळणारं प्रतिविष.

आग्या मोहोळाखाली धूर नको, दगड नको, अत्तर नको. पावसाळ्यात ढग गडगडले की एकट्या झाडाखाली आणि मोकळ्या बांधीत उभे राहू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज जवळ आल्याचं कळवतं, ते मोबाइलमध्ये ठेवा. नाल्याचं पाणी गढूळ झालं आणि पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर पाऊस पडतोय असं समजा. तळ दिसत नसेल तर नाला ओलांडायचा नाही, काठावर थांबायचं.

आधी पार, मग पहाडी

सुरुवात गावाजवळच्या तलावाच्या पारीपासून करा. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धान पिकवतात. पारीवरून तासभर चाललं तरी पक्षी, झाडं, पाणी आणि शेती यांचा मेळ कळतो.

मग गायमुख. तिथे पहाडीतून झिरपणारं पाणी गाईच्या मुखातून पडतं आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गर्दी टाळून जायचं तर यात्रेआधीचा महिना चांगला. मग आंबागड: देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सरदार राजाखान पठाण याने 1700 च्या सुमारास बांधलेला किल्ला. पुढे भोसल्यांच्या काळात इथे कैदी ठेवत. वर चढलात की तटावर पाय देऊन फोटो काढू नका, दगड सुटे झालेत. नंतर चांदपूरचा जलाशय आणि टेकडीवरचा हनुमान, आणि शेवटी बावनथडीचा काठ. एवढा क्रम पाळलात तर पायांना सवय होते आणि नजरही तयार होते.

शेतातून जाताना धुऱ्यावरून जा

धान कापलं की बांधी रिकामी दिसते, पण ओलीत लाखोरी पेरलेली असते. तिच्यावर पाय देऊ नका. पाण्यासाठी फोडलेला धुरा बुजवू नका, बुजवलेला फोडू नका. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, लावलेलं होतं तर लावा. तेंदूची आणि मोहाची झाडं कोणाच्या तरी वर्षाच्या मिळकतीची असतात. फांदी मोडून फळ काढू नका, आणि सुक्या पाल्यात विडी-काडी पेटवू नका.

वाटेची नोंद पाहा

आता शेवटचा आणि मोठा मंत्र: वाट टिकवायची तर तिची नोंद लागते. इंग्लंडमध्ये गिरणी-कारखान्यातल्या कामगारांनी 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम चढाई केली, कारण जमीनदारांनी तिथलं रान बंद केलं होतं. काही जणांना त्यासाठी तुरुंग झाला. पण 1949 मध्ये कायदा झाला, पायवाटा सरकारी नकाशावर नोंदवल्या गेल्या, आणि 1965 मध्ये पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट लोकांसाठी खुली झाली. आज तिथे शेतातून जाणारी नोंदलेली वाट मालकाला मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही.

आपल्याकडे अशी नोंद नाही असं समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 161 मध्ये निस्तार पत्रक आहे आणि कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात गावाची चराई, सरपण यांची व्यवस्था लिहितात. वाजिब-उल-अर्जमध्ये जाण्यायेण्याच्या, पाण्याच्या आणि मासेमारीच्या वहिवाटी नोंदवतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही निस्ताराला सामूहिक हक्क म्हणून मान्यता दिली. जिच्यावर कोणी चालत नाही, जिची नोंद कोणी पाहत नाही, ती पांदण दहा वर्षांत कोणाच्या तरी कुंपणात जाते. मग बाईला मोहापर्यंत आणि गुराख्याला बोडीपर्यंत जायला वाट राहत नाही.

म्हणून सांगतो, या सुट्टीत दोन कामं करा. गावातल्या एका म्हाताऱ्याला आणि एका लहान पोराला सोबत घेऊन शिवेवरून एक फेरी मारा, आणि तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावाचं वाजिब-उल-अर्ज वाचा. ज्या वाटेचं नाव त्यात नसेल, ती ग्रामसभेत मांडा.