नव्या फॉर्ममध्ये जुना मजकूर नको

भिवापूर

चि. भाचीस,


मिरची सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवून देठ खुडतात त्या जागी, काम करणाऱ्या बायांच्या श्वसनाच्या तक्रारींवरचा तुझा प्रस्ताव वाचून काढला. आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचे देठ दिवसभर खुडणाऱ्यांच्या फुप्फुसांचं काय होतं, हे आपल्या घरातलं कुणी विचारतंय याचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच स्पष्ट लिहितो.

तू जुन्या अर्जातले परिच्छेद जसेच्या तसे नव्या फॉर्ममध्ये टाकले आहेस. ते लगेच कळतं. फॉर्म उगाच बदलत नाहीत. आधीच्या अर्जांतून परीक्षकांना जे नीट कळलं नव्हतं, त्याच्यासाठीच बहुधा नवा रकाना येतो. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचंच बघ. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या अर्जांना तिथे नवे फॉर्म लागले आणि परीक्षणाचे पाच निकष तीन घटकांत बसवले गेले. संशोधनाचं महत्त्व आणि पद्धतीचा काटेकोरपणा यांना गुण मिळतात. संशोधकांची पात्रता आणि संस्थेची साधनं मात्र पुरेशी आहेत की नाहीत, एवढंच बघतात. आपल्याकडे आयसीएमआरचा अर्ज भरतानाही हेच ध्यानात धर. संस्थेच्या थोरवीवर तू अर्धं पान घालवलंस आणि तुलनेचा गट दोन ओळींत उरकलास. बंग दांपत्याने गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांसोबत तुलनेसाठी ४७ गावं घेतली होती. तुझ्या सातऱ्यावरच्या बायांसमोर कोण? त्याच गावांतल्या, चुलीवरच स्वयंपाक करणाऱ्या, पण शेतमजुरीला जाणाऱ्या बाया घे. नाहीतर त्रास चुलीच्या धुराचा की मिरचीच्या तिखट धुळीचा, हे कधीच सुटायचं नाही.

आता वेळापत्रक. ‘पहिले सहा महिने माहिती गोळा करणे’ असं लिहिलंस. मंजुरी जूनमध्ये हाती पडली तर? भर पावसाळ्यात कुठल्या सातऱ्यावर मिरची वाळत घालतात? महिन्यांचे तक्ते हंगामाला बांध. मंजुरी उशिरा आली तर आधी प्रश्नावली तपासायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचं आणि हंगाम सुरू झाला की मोजणी, असं सरळ लिही. जागा पाहिलेला माणूस अर्ज लिहितोय, हे परीक्षकाला अशाच ओळींतून कळतं.

अंदाजपत्रकात तू फक्त श्वास मोजणारं स्पायरोमीटर धरलंस. तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज, प्रत्येकीला वेगळं माउथपीस, फिल्टर यांचे पैसे कुठून येणार? मजुरीही विसरलीस. देठ खुडायचे पैसे किलोमागे मिळतात. तपासणीसाठी बाई अर्धा तास उठली की तेवढी कमाई गेली. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. रक्कम मात्र एवढी नको की केवळ पैशांसाठी नाइलाजाने हो म्हणावं लागेल. हे कारणासकट लिही.

संमतीपत्राबद्दल मला सर्वांत जास्त काळजी आहे. सातरा मालकाची परवानगी आत जाण्यापुरती. बाईची संमती तिची तिनेच द्यायची, तीही मालक किंवा मुकादम जवळ नसताना. सही येत नसेल तर अंगठा घे आणि निःपक्ष साक्षीदार ठेव. तो साक्षीदार मुकादम नको. ‘आपल्या सहभागामुळे उद्भवू शकणारी संभाव्य जोखीम’ हे वाक्य काढून टाक. ‘जोरात फुंकताना चक्कर येऊ शकते, खोकला येऊ शकतो, नको वाटलं तर तिथेच थांबा, कामावर त्याचा काही परिणाम होणार नाही’ असं लिही. आणि ते शेवटचं वाक्य खरं ठरेल याची आधी मालकाशी बोलून खात्री कर, नाहीतर ते लिहूच नकोस. कुणाचं फुप्फुस कमजोर निघालं तर तिला कुठे पाठवणार, औषधपाणी कोण बघणार, हेही त्यातच यायला हवं.

नैतिकता समितीची नोंदणी चालू आहे का, ते आत्ताच विचार. तिच्या बैठकीची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख शेजारीशेजारी लिहून ठेव. संस्थाप्रमुखांची सही ऐनवेळी कधीच मिळत नाही. जुने पीडीएफ संगणकावरून बाजूला कर. दर वेळी संकेतस्थळावरूनच ताजा फॉर्म उतरवून घे.

येत्या रविवारी इकडे ये. संमतीपत्र छापून आण. आपल्या गल्लीतल्या दोघी-तिघी सातऱ्यावर जातात, त्यांना ते वाचून दाखवू. जिथे त्या अडतील ती वाक्यं तिथेच बदलू, मग सोमवारी अर्ज समितीकडे दे.

तुझा,
मामा