गोळी मोठी की लहान?

ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे पाखरे हाकायला मचाणावर बसणारा राखणदार गोफणीसाठी गोटे कसे निवडतो, ते तुम्ही पाहिले आहे काय? मुठीएवढा धोंडा तो घेत नाही. हात भरून येतो आणि दगड बांधापर्यंतही पोचत नाही. चिंचोक्याएवढा खडाही तो टाकून देतो. तो सुटतो जोरात, पण हवा त्याचा वेग लगेच खाऊन टाकते. शिवाय मचाणावर किती गोटे वाहून न्यायचे, हाही प्रश्न असतोच. रायफलीची गोळी ठरविणाऱ्या अभियंत्यापुढे हेच तिन्ही प्रश्न असतात. मात्र त्याचा हिशेब चुकला, तर जिवाशी गाठ असते.

१९६२ च्या युद्धात आपले बहुतेक जवान .३०३ ची जुनी रायफल घेऊन लढले. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागे. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली, ७.६२ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारी ‘एसएलआर’ आली. ती आपोआप भरली जाई. पुढे पुण्याजवळ पाषाण येथील आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने ‘इन्सास’ रायफलीचा आराखडा केला व १९९० च्या दशकात ती सैन्यात आली. तिच्या गोळीचा व्यास फक्त ५.५६ मिलिमीटर. दोन मिलिमीटर कमी करून काय साधले?

आता वही-पेन्सिल घ्या. ७.६२ ची गोळी सुमारे ९.५ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने नळीतून बाहेर पडते. ५.५६ ची गोळी सुमारे ४ ग्रॅमची, वेग सुमारे ९०० मीटर. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. मोठ्या गोळीचा संवेग ८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो, लहान गोळीचा ३.६. संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो. (दारूच्या वायूंचाही वाटा असतो, तो तूर्त सोडून देऊ.) दोन्ही रायफली ४ किलोच्या धरल्या, तर पहिली खांद्यावर सेकंदाला २ मीटर वेगाने आदळेल, दुसरी ०.९ मीटर वेगाने.

गतिज ऊर्जा काढली की खरी गंमत दिसते. मोठ्या गोळीची ऊर्जा सुमारे ३३५० ज्यूल, लहान गोळीची १६२० ज्यूल, म्हणजे जवळपास निम्मी. पण मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा अनुक्रमे ८ आणि १.६ ज्यूल! लक्ष्यावर पोचणारी ऊर्जा निम्मी झाली, परंतु खांद्याला बसणारा धक्का पाचव्या हिश्श्यावर आला. असे का? रायफलीचे वस्तुमान तेच राहते, तेव्हा तिची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. धक्का कमी, म्हणून नळीचे तोंड कमी उडते आणि दुसरी गोळी नेमावर लवकर सुटते. धक्का कमी करण्याचा दुसरा उपाय म्हणजे रायफलच जड करणे. पण ती डोंगर चढून कोण नेणार?

ओझ्याचा हिशेब तर याहून सोपा आहे. ७.६२ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६ चे १२ ग्रॅमचे. २०० काडतुसे घेतली तर ४.८ किलोऐवजी २.४ किलो. आमच्या बाभुळगावाकडून वर्धा नदीपलीकडे गेले की पुलगाव लागते. तेथे सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलींच्या काडतुसांचा कारखाना आहे. तेथून सीमेवरच्या ठाण्यापर्यंत आगगाडी, ट्रक, खेचर आणि शेवटी माणसाची पाठ, असा हा प्रवास. वाचलेला प्रत्येक ग्रॅम या सगळ्या टप्प्यांवर वाचतो.

मग हरकत कशाला? हवेमुळे. समोरून हवा ज्या क्षेत्रफळावर अडते ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वस्तुमानाला व्यासाच्या वर्गाने भागून पाहा: मोठ्या गोळीसाठी ०.१६४, लहानीसाठी ०.१२९. म्हणजे लहान गोळीमागे, अडणाऱ्या क्षेत्रफळाच्या मानाने, वजन सुमारे एक पंचमांशाने कमी. तिचा वेग लवकर घटतो, वारा तिला अधिक ढकलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवातून असे दिसले होते की, पायदळाच्या बहुतेक चकमकी ३०० मीटरच्या आत होतात. त्या अंतरात हा तोटा जाणवत नाही. म्हणून १९८० मध्ये नाटो राष्ट्रांनीही ५.५६ प्रमाण मानली. पण दरीच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर गोळी झाडायची असेल, तर ३०० मीटरचा आधार तुटतो.

आणखी एक युक्तिवाद त्या काळी केला जाई: लहान गोळीने शत्रू जखमी झाला, तर त्याला उचलायला त्याचे आणखी दोन सोबती गुंततात. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. समोरच्याला सोबती उचलणारच नसतील, आणि घायाळ होऊनही तो बंदूक खाली ठेवणार नसेल, तर? काश्मीरमधील दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकींत हाच प्रश्न पुढे आला.

इन्सासमध्ये याच जातीच्या इतरही तडजोडी होत्या. काडतुसे ठेवण्याचे मॅगझिन आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचे केले. ते हलके, आणि किती काडतुसे उरली हे जवानाला दिसे. परंतु प्लास्टिक गारठ्यात ठिसूळ होते. १९९९ च्या कारगिल युद्धात मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. चाप दाबून धरला तरी तीनच गोळ्या सुटतील अशी योजना होती. त्यामुळे दारूगोळा वाचे, पण अगदी जवळच्या लढाईत ती अपुरी वाटे.

अखेर काटा पुन्हा दुसरीकडे झुकला. २०१९ मध्ये ७.६२ व्यासाच्या ७२,४०० सिग रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळ कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली तयार करण्याचा करार झाला. एके-२०३ ची गोळीही ७.६२ चीच, पण तिचे काडतूस आखूड आहे. गोळीचे वजन सुमारे ८ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर.

हिचे गणित तुम्ही करा. संवेग ५.७ आणि ऊर्जा सुमारे २०४५ ज्यूल यावयास हवी. दोन्ही उत्तरे मघाच्या दोन गोळ्यांच्या मध्ये पडतात. मग या गोळीने गमावले काय? हवेचा अडथळा नाही असे समजून, ३०० मीटर जाईपर्यंत प्रत्येक गोळी गुरुत्वाने किती खाली येते ते काढा. इन्सासची ५४ सेंटिमीटर, एसएलआरची ६२, आणि एके-२०३ ची ८६.