गीझरमधलं कोमट पाणी

गरम पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी, ही समजूत काही केल्या जात नाही. खरं तर पाणी किती गरम, यावर सगळं ठरतं. लिजिओनेला हा जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतो, म्हणजे नेमका आंघोळीला सुखाच्या वाटणाऱ्या पाण्यात. ६० अंशांपुढे तो टिकत नाही. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं, त्यानंतर न्यूमोनियाने तिथे आलेले २९ जण दगावले आणि जंतू हाती लागायला १९७७ उजाडलं. वीज वाचवायला गीझरचा काटा चाळिशीवर ठेवणारी घरं आणि पावसाळ्यात सोलरच्या टाकीत दिवसचे दिवस कोमटच राहणारं पाणी याच जंतूची सोय करतात. टाकीच्या तळाशी साचलेला क्षारांचा थर त्याला आणखी आसरा देतो. तो पोटातून नव्हे, शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. त्यामुळे ‘आम्ही पिण्याचं पाणी उकळतो’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

‘साठ अंशांनी भाजेल’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची त्वचा तर काही सेकंदांत पोळते. पण म्हणून टाकी कोमट ठेवायची नसते. टाकीत पाणी कडकच हवं, विसण घालायचं ते बादलीत, आणि बादलीत आधी गार पाणी. सोलरला ढगाळ दिवसांत विजेचा हीटर जोडून पाणी साठ अंशांवर न्या. घर बरेच दिवस बंद असेल तर टाकी पूर्ण तापवा, खिडकी उघडा, शॉवर काही मिनिटं सोडून बाहेर थांबा. धडधाकट तरुणाने घाबरायचं कारण नाही, आणि हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, मधुमेही, दमेकरी, स्टेरॉइड घेणारे यांनी मात्र हे ऐकाच.

सडकून ताप, थंडी, खोकला, धाप आणि जोडीला जुलाब किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर घरातल्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनला हात लावू नका. हा जंतू पेशींच्या आत दडतो, पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन चालतं म्हणून तेही दुकानातून परस्पर आणायचं नाही. छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी होऊ द्या. आणि गेल्या दोन आठवड्यांत कुठे मुक्काम केला, कुठलं बंद घर उघडलं, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.