‘कशावरून?’ हे उलट उत्तर नाही

गेल्या पालकसभेनंतर सगळे पांगले तरी एक वडील मागे थांबले. मुलगी अकरावी आर्ट्सला, माझ्याच वर्गात. जरा अवघडूनच म्हणाले, “मॅडम, पोरगी हल्ली उलट बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही वाचून दाखवलं की लगेच म्हणते, कशावरून?”

पालकहो, तो शब्द तिला मी शिकवला आहे. म्हणून आज तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

दहावीपर्यंत मुलं सनावळ्या पाठ करून येतात. अकरावीत मी त्यांना ती सनावळी आली कुठून, हे विचारायला लावते. यंदा सुरुवातीलाच फळ्यावर शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन तिथी लिहिल्या: वैशाख शुद्ध २, शके १५४९ आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१. मागच्या बाकावरचा एक मुलगा दुखावला. “महाराजांच्या जन्मावर शंका घ्यायची?” त्याचं दुखावणं मला समजलं, तो विषयच काळजाचा आहे. मग आम्ही दोन्ही तिथींचा माग काढला. पहिली बखरींतून आलेली, आणि बखरी बऱ्याच उशिरा लिहिलेल्या. दुसरी भोरजवळच्या कारी गावच्या जेध्यांच्या शकावलीतली. त्या घराण्याने पिढ्यानपिढ्या जपलेले ते कागद लोकमान्य टिळकांच्या हाती आले आणि १९१६ मध्ये छापले गेले. पुढे महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज आपण मानतो ती या आधारावर. तास संपता संपता तोच मुलगा शेजारच्याला समजावत होता, “अरे, जवळच्या काळातला कागद जास्त धरायचा.” महाराजांवरचं त्याचं प्रेम कणभरही कमी झालेलं मला दिसलं नाही.

आता त्या वडिलांकडे येते. मी कपाटातून त्यांच्या मुलीची प्रकल्पाची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. विषय होता बहात्तरचा दुष्काळ, आणि तिने आजीला बोलतं केलं होतं. पाझर तलावाच्या कामावर आजी खडी फोडायची. एकदा दगडाची कपची उडून भुवईवर लागली, तो व्रण तिने पदर मागे सारून नातीला दाखवला. घरात मिलोच्या तांबड्या भाकरी आणि कामावर वाटायची ती सुकडी. “तुझा बाप वाटी घेऊन सुकडीच्या ओळीत स्वतःच्या पायाने उभा राहायचा,” असं आजीचं वाक्य होतं.

पोरीने तिथे पेन थांबवलं होतं. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७२. मग त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वर्षाचं पोर वाटी धरून ओळीत उभं कसं राहील? खाली तिने लिहिलं होतं: “त्या काळी गुरुजी शाळेत नाव घालताना बऱ्याच मुलांची तारीख १ जून लावायचे. बाबा त्याहून मोठे असावेत. आजीला आणखी विचारायचं आहे.”

मी इतकी वर्षं शिकवते आहे. सरकारी शिक्क्याच्या कागदालाही कशावरून विचारणारी आणि आजीचंही डोळे झाकून न धरता ‘आणखी विचारायचं आहे’ म्हणणारी सतरा वर्षांची मुलगी म्हणजे माझ्या विषयाचं सोनं आहे. परीक्षेत तिला किती मार्क पडतील ते पडोत.

वडील बराच वेळ ते पान वाचत राहिले. “सुकडीचं आई मला कधी बोलली नाही,” एवढंच म्हणाले.

म्हणून विनंती करते. मुलं कशावरून विचारतील तेव्हा गप्प बस म्हणू नका. ठाऊक नसेल तर नाही माहीत म्हणा आणि दोघं मिळून शोधा. ‘इतिहास घेऊन पुढे काय?’ ही काळजीही मला कळते, त्यावर कधीही येऊन भेटा, सविस्तर बोलू. पण दिवाळी तोंडावर आली आहे. साफसफाईत ट्रंकेतले जुने सातबारे, पत्रं, रेशनकार्डं, मोडीतले पिवळे कागद निघतील. रद्दीत घालण्याआधी ते एकदा मुलांपुढे ठेवा, आणि आजी-आजोबांनाही त्या वेळी शेजारी बसवा.