तंबोरा कुठे गेला?

आमच्या मिरजेच्या घरी कोजागरीला गाण्याची बैठक होते. गच्चीवर सतरंज्या, आटवलेलं दूध आणि पन्नास-साठ ओळखीची माणसं. २०२० साली ३० ऑक्टोबरला कोजागरी आली, तेव्हा करोनामुळे बैठक गच्चीवरून दिवाणखान्यात उतरली आणि श्रोते आपापल्या घरी राहिले. खोलीत गाणाऱ्या ताई, तबलजी, पेटीवाले, तंबोऱ्यावर ताईंची शिष्या आणि मी. मी म्हणजे ‘तांत्रिक बाजू’. लॅपटॉप माझा होता, एवढ्याच पुण्याईवर ही पदवी मिळाली होती.

कार्यक्रम रात्री नऊचा. दुबईच्या बहिणीकडे तेव्हा साडेसात आणि न्यू जर्सीच्या मंडळींकडे सकाळचे साडेअकरा. वेळा मी बरोबर कळवल्या होत्या. त्या दिवशी माझ्या हातून धड झालेलं तेवढंच. (अमेरिकेतली घड्याळं दोनच दिवसांनी तासभर मागे गेली. बैठक पुढच्या आठवड्यात असती तर तिथेही मी आपटलो असतो.)

सव्वाआठला यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाचं बटण दाबलं. चॅनेल नवं कोरं. उत्तर आलं की ही सोय सुरू व्हायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. मी ते वाक्य तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचलं तर तास कमी होतील अशा आशेने. तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज, “तुम्ही दिवा धरायला बोलावलंत आणि तिकडे दूध उतू गेलं!”

पुतण्याला फोन केला. त्याच्याकडे झूमचं पैसे भरलेलं खातं होतं. फुकटच्या खात्यात चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटते, आणि ताईंचा बिहागाचा ख्याल काही घड्याळ लावून होणारा नव्हता. पावणेनऊला नवी लिंक सगळ्या ग्रुपांवर गेली. माणसं जमू लागली, हात हलवू लागली. इथे मी स्वस्थ बसलो असतो तर ही हकीकत लिहायची वेळच आली नसती.

पण आठ चोपन्नला मला पंख्याची घरघर ऐकू आली. ऑक्टोबरचा उकाडा, रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या बंद, म्हणून पंखा चालू. मी सेटिंगमध्ये शिरलो. तिथे पार्श्वभूमीचा गोंगाट दाबण्याची सोय सापडली: आपोआप, कमी, मध्यम, जास्त. मी ‘जास्त’ केलं, हेडफोन न लावताच, आणि आपण काहीतरी हुशारीचं केलं या समाधानात मागे टेकलो.

ताईंनी बिहाग सुरू केला. खोलीत तंबोरा सुरेख बोलत होता. पाच मिनिटांत माझा फोन थरथरला. दुबई. चालू गाण्यात फोन कसा घ्यायचा? कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही कापल्यावर बहिणीचा मेसेज आला, “दादा, तंबोरा लावायला विसरलात का?”

झालं असं होतं की असलं सॉफ्टवेअर एकसुरी, अखंड आवाजाला गोंगाट समजतं. पंखा, एसी, मिक्सर. आणि तंबोऱ्याचं तरी काम काय? अखंड, न बदलता वाजत राहणं. त्याच्या लेखी पंखा आणि तंबोरा सारखेच. पेटी अधूनमधून गायब होत होती, ताईंचा लांबवलेला षड्ज मध्येच विरत होता. तंबोरे घडवणारं म्हणून ज्या गावाची ओळख, त्या गावातून आम्ही जगाला बिनतंबोऱ्याचा बिहाग ऐकवत होतो. मी ती सोय ‘कमी’वर आणली आणि मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय सुरू केला. बहिणीचं उत्तर आलं, “आला.” पंख्याची घरघरही सोबत गेली म्हणे, पण तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर मी अशा बऱ्याच कार्यक्रमांची ‘तांत्रिक बाजू’ सांभाळली. धडधड अजून होते. मात्र शेवटच्या तासात कशालाही हात लावत नाही. पंखा घरघरतो? घरघरू दे. चेहऱ्यावर सावली आहे? राहू दे. आयत्या वेळी आपण करतो त्या सुधारणांपैकी बहुतेक आपल्या घाबरलेल्या हातांना चाळा म्हणून असतात.

खरं काम आदल्या दिवशीचं. चॅनेल आधीच उघडून थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळवून ठेवा. मग त्याच खोलीत, त्याच वाद्यांसह, आणि हे महत्त्वाचं, कार्यक्रमाच्याच वेळेला पाच मिनिटांची चाचणी करा. दुपारी तीनला पळणारं इंटरनेट रात्री नऊला, अख्खी गल्ली सिनेमे बघायला बसली की, रांगायला लागतं. वेग तपासताना खाली उतरणारा आकडा पाहून खूश होऊ नका. आपल्याला वर पाठवायचं असतं, म्हणून अपलोडचा आकडा बघा. जमल्यास वायफायऐवजी केबल जोडा. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, हेही पाहा. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि वीज गेली की राउटर मान टाकतो.

मोबाइलला वेगळा माइक लावणार असाल तर त्याची पिन डोळ्यांसमोर धरून बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर तो माइक थेट मोबाइलला बहुधा चालत नाही. तीन रेघांची पिन किंवा तसं कनेक्टर लागतं. यातली गंमत अशी की मोबाइल तक्रार करत नाही, निमूटपणे स्वतःच्याच माइकवर ऐकत राहतो. सुरुवातीला लोक जमेपर्यंत कॅसेटमधलं भजन वगैरे लावू नका. स्वामित्व हक्काच्या दाव्यात चालू प्रक्षेपण अडकू शकतं. वाद्यं जुळवताना दाखवा, लोकांना तेच जास्त आवडतं.

कलाकाराच्या कानावर ‘लिंक’, ‘बफर’, ‘हँग’ यातला एकही शब्द पडू देऊ नये. त्या रात्री माझी धावपळ ताईंनी पाहिली होती. “तुमचं होईल तेव्हा होऊ द्या, मी सा लावून बसते,” म्हणाल्या खऱ्या, पण मला वाटतं सुरुवातीचे आलाप जरा घाईत झाले.

आणि घराबाहेरचा एक कान नेमा. दुसऱ्या गावातला, हेडफोन लावून ऐकणारा, तोंडदेखलं न बोलणारा. त्याचा फोन घ्यायला खोलीबाहेर एक माणूस बसवा, ज्याला गाण्यात फारसा रस नाही असा. माझ्याकडे हे काम बहीण करते आणि तिचा फोन आता कुणी कापत नाही.

त्या कोजागरीचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आहे. पहिली सतरा मिनिटं त्यात तंबोरा नाही.