हरणारा संघ आणि न चालणारं दुकान: दुरुस्ती कुठून सुरू करायची?



"सर, दुकान चालत नाही, काय करू?" वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा, सगळीकडून हा प्रश्न येतो. गंमत म्हणजे विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. नवा बोर्ड लावतो, काचेचं काउंटर करतो, नाहीतर कामावरचा पोरगा बदलतो. बस, तुम्ही हो म्हणा!

आज हा विषय फुटबॉलवरून समजून घेऊ. मी मुंबई सिटी एफसीचा चाहता आहे. २०१४ पासून सहा हंगाम या संघाने एकही ट्रॉफी दिली नाही. चिडलेल्या चाहत्याच्या मागण्या ठरलेल्या असतात: कोच हाकला, मोठा खेळाडू आणा. बघा, दुकानदाराचंही डोकं असंच चालतं.

१. मोठं नाव म्हणजे इलाज नाही

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबईने निकोलस अनेल्का आणि फ्रेडी लुंगबर्ग अशी जगभर गाजलेली नावं आणली. निकाल? आठ संघांत सातवा नंबर. २०१५ मध्ये अनेल्कालाच खेळाडू आणि कोच केलं. त्या हंगामात गोव्याने आपल्याला ७-० ने धुतलं.

आपल्याकडे उद्घाटनाला मालिकेतली नटी बोलावतात. त्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नसते. आठ दिवसांनी गल्ल्यावर मालक एकटा बसलेला असतो. लोक नटी बघायला आले होते, तुमचा माल बघायला नाही.

२. एकाच माणसावर डोलारा नको

२०१६ ला दिएगो फोर्लान आला आणि मुंबई गुणतक्त्यात पहिली आली. म्हणजे चांगला माणूस उपयोगी पडतोच. पण सेमीफायनलच्या पहिल्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं. दुसऱ्या सामन्यात तो नव्हता, गोल झाला नाही आणि आपण बाहेर.

तुमच्या दुकानात भाव फक्त तुम्हालाच माहीत असतील, तर तुम्ही लग्नाला गेलात की दुकानाला लाल कार्ड!

३. दर वेळी कोच बदलून काय होतं?

शेजारच्या एफसी पुणे सिटीकडे बघा. पाच हंगाम, आणि प्रत्येक हंगामाला नवा मुख्य कोच. त्रेझेगे, मुटू अशी नावंही होती. प्लेऑफ मात्र एकदाच गाठला. पुढे संघ आर्थिक अडचणीत आला आणि २०१९ मध्ये बंदच झाला.

पोरगा दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्याने विचारावं: मी त्याला काम शिकवलं होतं का? की शिकवायच्या आधीच काढलं?

४. मग मुंबई सुधारली कशी?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने संघाचा मोठा हिस्सा घेतला. २०२० मध्ये गोव्याकडे काम केलेला सर्जिओ लोबेरा कोच झाला. त्याची खेळायची पद्धत ठरलेली होती: चेंडू आपल्या पायात ठेवायचा आणि पास देत पुढे जायचं. त्या पद्धतीत मुरलेले जाहू, फॉल, बूमूस आणि मंदार राव देसाई गोव्याकडूनच आले. म्हणजे आधी पद्धत ठरली, मग माणसं.

आता तुम्ही म्हणाल, पैसेवाला मालक आला म्हणून जिंकले. पैसा लागला, खरंय. पण पैसा २०१४ लाही लागला होता. तो नावावर गेला, पद्धतीवर नाही.

२०२०-२१ च्या हंगामात मुंबईने २० पैकी १२ सामने जिंकले आणि लीग शील्ड घेतली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला मोहन बागानला २-१ ने हरवून ट्रॉफीही घेतली. शेवटच्या मिनिटाला गोल केला बिपिन सिंगने. तो २०१८ पासून संघातच होता! पद्धत नीट बसली की घरातला माणूसही चमकतो.

५. आता आपल्या दुकानाचं बघू

खर्च करण्याआधी एका वाक्यात लिहा: मी कोणाला, काय, कसं विकणार? उदाहरणार्थ, "आसपासच्या खेड्यांतून बाजारच्या दिवशी येणाऱ्या बायांना रोजच्या वापराच्या साड्या, एकच भाव, रोखीने." हे वाक्य पक्कं झालं की एसी हवा की जास्त साठा, हे आपोआप कळतं. अशा दुकानाला एसीच्या आधी साठा लागेल.

आणि निकाल बघताना घाई नको. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीचा बाजार फुलतो; जूनमध्ये तोच पैसा बियाण्या-खतात जातो. म्हणून जूनची विक्री दिवाळीशी लावू नका, मागच्या जूनशी लावा. नाहीतर चांगली पद्धतही तुम्ही मध्येच मोडाल.

या आठवड्याचा गृहपाठ

- तुमचं ते एक वाक्य वहीत लिहा.
- सात दिवस रिकाम्या हाताने परत गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक नोंदवा: काय मागितलं, का गेलं?
- सगळ्यात जास्त वेळा आलेलं एकच कारण निवडा आणि आधी तेवढंच दुरुस्त करा.

संघ हरला तर चाहता शिव्या देतो, तरी पुढचा सामना बघतो. गिऱ्हाईक शिव्याही देत नाही, गुपचूप शेजारच्या दुकानात जातं. म्हणून ही वही आजच सुरू करा.