भोरच्या पलीकडचं नेटवर्क

"ताई, पान कोरंच दिसतंय."

भोरच्या पलीकडे, वरंध घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत एक काका मोबाइल पुढे करून उभे होते. शेतीअवजारांच्या नोंदणीचा तो अर्ज प्रस्तुत लेखिकेनेच बनवला होता. बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली. काकांनी अर्ज भरला आणि 'जमा करा' दाबलं. काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर लेखिकेने पाहिलं, तर त्यांच्या नावावर एकाच यंत्राच्या तीन नोंदी.

पुण्यात याच अर्जाची 'स्लो नेटवर्क' चाचणी झाली होती आणि तो तीत पास झाला होता. म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

चाचणी लॅपटॉपवर झाली होती. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'नेटवर्क' विभागात 'स्लो ४जी', '३जी', 'ऑफलाइन' असे पर्याय मिळतात. त्यातला एक निवडला, पण शेजारची 'डिसेबल कॅश'ची चौकट रिकामीच राहिली. पानाचा देवनागरी फॉन्ट आधीच्या शंभर फेऱ्यांत लॅपटॉपवर येऊन बसला होता. काकांच्या फोनला मात्र तो पहिल्यांदाच आणायचा होता, तोही दुसऱ्याच सर्व्हरवरून. फॉन्टची स्टाइलशीट येईपर्यंत ब्राउझर पान रंगवायला घेत नाही. ती आल्यावर फॉन्टच्या फाइलसाठी आणखी थोडा वेळ अक्षरं लपवून ठेवतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा बहुधा जड असतात, म्हणून मराठी संकेतस्थळांना हा फटका जास्त बसतो.

वेग कमी असणं हा अडचणीचा एक भाग झाला. फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या फेरीला लागणारा वेळ त्याहून छळतो. नव्या सर्व्हरचा पत्ता शोधायला एक फेरी, जोडणीला एक, आणि ती सुरक्षित करायला किमान एक. फेरी ४०० मिलिसेकंदांची असेल, तर पहिली मागणी निघायच्या आतच १.२ सेकंद गेले. दुसरा सर्व्हर म्हटला की हे सगळं पुन्हा.

आणि घाटात पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेतच गळतात. डेव्हटूल्सचे हे तयार पर्याय प्रत्येक मागणीचं उत्तर उशिरा देतात, वेगाला लगाम घालतात. पॅकेट गाळत नाहीत. पानाचा वेग तपासणारं क्रोममधलं लाइटहाउस तर मूळ सेटिंगमध्ये पान पूर्ण वेगाने उघडतं आणि १५० मिलिसेकंदांची फेरी व १.६ मेगाबिटचा वेग धरून अंदाज बांधतं. तो आकडा तुलनेसाठी उपयोगी आहे, पण 'जमा करा' दाबल्यावर जोडणी तुटली तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला खरा फोन लागतो, शक्यतो स्वस्तातला. लॅपटॉपचा प्रोसेसर जावास्क्रिप्ट झटक्यात उरकतो, स्वस्त फोन तिथेच अडखळतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडला की लॅपटॉपच्या क्रोममधून त्या फोनवरच्या पानाचा वेग कमी करता येतो. आयफोनमध्ये 'डेव्हलपर' सेटिंगखाली नेटवर्क लिंक कंडिशनर असतो. त्यात 'व्हेरी बॅड नेटवर्क' आणि सगळी पॅकेटं गाळणारा '१०० टक्के लॉस' हे पर्याय आहेत. लिनक्सचा लॅपटॉप हॉटस्पॉट करून त्यावर नेटएम चालवलं, तर जोडलेल्या कुठल्याही फोनला हवा तेवढा उशीर आणि हवी तेवढी गळती देता येते.

फेसबुकने ऑक्टोबर २०१५मध्ये कर्मचाऱ्यांना दर मंगळवारी तासभर २जीचा अनुभव घेण्याची सोय सुरू केली, ती मंद नेटवर्कवरच्या लोकांना काय सोसावं लागतं हे कळावं म्हणूनच. यूट्यूबचे माजी अभियंते ख्रिस झकारियास यांनी २०१२मध्ये लिहिलेला अनुभव तर प्रत्येक वेब डेव्हलपरने वाचावा असा. त्यांनी व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटवरून ९८ किलोबाइटवर आणलं, आणि पान उघडण्याचा सरासरी वेळ चक्क वाढला! जिथे पूर्वी पान उघडतच नव्हतं, तिथले लोक पहिल्यांदाच मोजणीत आले होते.

अर्ज दुरुस्त झाला. फॉन्ट छाटून स्वतःच्या सर्व्हरवर आला, आणि तो पोचेपर्यंत फोनमधल्याच फॉन्टमध्ये अक्षरं दिसू लागली. बटण दाबताच 'पाठवत आहोत' असं उमटतं. प्रत्येक अर्जाला फोनवरच एक क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद करत नाही.

आता लेखिका प्रत्येक अर्जाची एक चाचणी हाताने करते. कॅश पुसायची, फोनवर अर्ज भरायचा, 'जमा करा' दाबायचं आणि लगेच '१०० टक्के लॉस' लावायचा. अर्धा मिनिट थांबून जोडणी परत द्यायची, बटण पुन्हा दाबायचं, आणि नोंदी मोजायच्या.